दुसऱ्याच्या नावाचं गाणं

प्रबोध चिटणीसला मत्सर वगैरे होत नसे. हे त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं, आणि स्वतःबद्दलची त्याची मतं सगळी चांगलीच होती. सिंगापूरच्या क्लार्क कीजवळच्या त्या बारमध्ये टेरेल माइक हातात घेऊन उभा राहिला की पुढच्या पोरी किंचाळायच्या, एखादी बया तर हात लांबवून त्याच्या दंडावरचं गोंदण चाचपायची, आणि प्रबोध मागे भिंतीला टेकून गालातल्या गालात हसत बघत राहायचा. किंचाळा म्हणावं काय किंचाळायचं ते! हा गडी शेवटी बुकित पंजांगला माझ्याच घरी यायचाय, आणि आल्या आल्या उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करायला बसायचाय.

टेरेल मूळचा मेम्फिसचा. कृष्णवर्णीय अमेरिकन, उंचापुरा, धिप्पाड, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी शेजारची चिनी आजी दचकायची. पाया लेबारच्या एका खासगी संगीतशाळेत तो ध्वनिमुद्रण शिकवायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी रॅप करायचा. प्रबोधचं ऑफिस तिथल्याच मॉलच्या वरच्या मजल्यांवर. कॉफीच्या रांगेत ओळख झाली, आणि वर्षभरात टेरेल बॅगा घेऊन बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. जगासाठी फ्लॅटमेट. दोन खोल्या, दोन पलंग, आणि त्यातल्या एका पलंगावर वर्षानुवर्षं नुसते धुतलेले कपडे पडलेले.

सिंगापूरच्या मराठी मंडळींना या जोडीचा संशय आला का? छे! संशय येण्यासाठी आधी माणूस दिसावा लागतो. मंडळींना दिसत होता तो काळा रॅपर. सेम्बावांगच्या विनीतावहिनी, म्हणजे प्रबोधच्या कॉलेजातल्या सीनियरची, पद्माकरची बायको, त्यांनी तर पहिल्याच भेटीनंतर प्रबोधला बाजूला घेतलं.

"अरे, भीती नाही का वाटत तुला? आणि मुली-बिली आणतो का रे घरी?"

इथे प्रबोधने गप्प बसायचं ना! पण गप्प बसला तर तो प्रबोध कसला.

"आणतो हो वहिनी. गेल्या महिन्यात एक ब्राझीलची होती. मी कानात बोळे घालून झोपतो."

"बाई गं!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांना आतून बरंच वाटलं, कारण त्यांच्या मनात होतं तेच निघालं. असल्या माणसाला बाईशिवाय दुसरं काही सुचत नसणार, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, प्रबोधने नुसती वरून फोडणी घातली. पुढे पुढे तर तो रंगवून रंगवून सांगायला लागला. पार्टीत पद्माकर डोळा मारून विचारायचा, "काय मग, सध्या कोण?" आणि प्रबोध एखादा देश सांगायचा. टेरेलच्या त्या दांडग्या, मर्दानी रूपाआड प्रबोध इतका सुखात लपला होता की त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग २०१६ साली टेरेलच्या डोक्यात ते गाणं आलं.

एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता तो म्हणाला, "आमच्या रॅपमध्ये माणूस गोळी खातो, तुरुंगात जातो, आईसाठी ढसाढसा रडतो. सगळं चालतं. पुरुषावर प्रेम केलेलं तेवढं चालत नाही. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चांगला रॅप करायचा. एक दिवस कुणीतरी त्याला कुणाबरोबर तरी पाहिलं, आणि त्यानंतर त्याला कुणी माइक दिला नाही. मी त्या वेळी तिथेच होतो. मीही दिला नाही."

प्रबोधने लिंबू पिळलं. असलं बोलणं निघालं की तो काहीतरी पिळायचा, नाहीतर पुसायचा.

"आता तिकडे एकदोघं उघडपणे सांगायला लागलेत. मीही सांगणार आहे. गाण्यात. शेवटच्या कडव्यात माझ्या माणसाचं नाव येतं, आणि मी ते लोकांकडून म्हणून घेणार आहे. मी अर्धं म्हणणार, ते अर्धं म्हणणार." टेरेलने टेबलावर बोटांनी ठेका धरला. "प्र-बोध. प्र-बोध. दोन ठोके. मस्त बसतंय बघ."

"वेड लागलंय का तुला?"

मग प्रबोधने एकेक कारण काढलं. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करण्याचा परवाना. त्याचा मॅनेजर. चिंचवडची आई, जी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एक तरी मुलगी सुचवायची. पुरुषांमधल्या संबंधाला गुन्हा ठरवणारं इथल्या कायद्यातलं ते कलम. कारणं सगळी खरी होती, त्यात एकही बनावट नव्हतं. टेरेलने ती सगळी ऐकून घेतली.

"बरं, मी नाव नाही घेणार. पण गाणं करणार."

"गाणं केलंस तरी लोक म्हणणार, तो असला आहे, मग त्याच्याबरोबर राहतो तो कसला?"

"म्हणजे मी मुलींच्या मागे फिरतो असं लोकांना वाटत राहिलं पाहिजे. ब्राझीलच्या."

प्रबोधने लिंबाची फोड खाली ठेवली. हे याला कुणी सांगितलं? पद्माकरने, दुसऱ्या कुणी नाही. भेटल्यावर कौतुकाने पाठीवर थाप मारून सांगितलं असणार.

"बारमध्ये येणाऱ्यांना मी गुंड हवा असतो," टेरेल शांतपणे म्हणाला, "दोन तास घाबरायचं आणि एमआरटीची ट्रेन पकडून सुखरूप घरी जायचं. तुझ्या मित्रांना मी बायकांच्या मागे लागणारा हवा असतो. आणि तुलाही मी तसाच हवा असतो. मग या घरात मी राहतो तरी कशाला?"

प्रबोध चिडला. "त्या कडव्यात नावच हवंय ना? मग दुसरं कुणाचंही टाक!" असं ओरडून तो अंघोळीला गेला.

कुणाचंही टाक. शहाणा माणूस!

टेरेलने टाकलं ओजसचं.

ओजस हा विद्यापीठात पीएच.डी. करणारा नाशिकचा पोरगा. गणपतीत मंडळाच्या आरतीला ढोलकी वाजवायचा, कानात बारीकशी बाळी घालायचा, आणि आपण कोण आहोत ते त्याने आईवडिलांपासून गाइडपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, एखाद्याने आपण अंडं खात नाही असं सांगावं इतक्या सहज. त्याची ढोलकी टेरेलला फार आवडली होती. गाण्यात ती हवी म्हणून तो ओजसला घरी बोलवायला लागला. मोकळ्या खोलीतल्या पलंगावरचे कपडे उचलले गेले, ध्वनिमुद्रणासाठी भिंतींना स्पंज लागले, आणि संध्याकाळी प्रबोध ऑफिसातून परते तेव्हा दाराबाहेर टेरेलच्या बुटांशेजारी ओजसचे सँडल पडलेले असायचे. चांगले ऐसपैस. एक इकडे, एक तिकडे.

आणि तेव्हा, ज्याला मत्सर होत नसे त्या आपल्या प्रबोधच्या पोटात दुखायला लागलं.

काय एकेक गोष्ट झोंबायची त्याला! ओजस त्याच्या खुर्चीत बसायचा. ओजस त्याच्या कपातून चहा प्यायचा. टेरेल हसला की ओजस त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचा, आणि टेरेलला त्याचं काहीच वाटायचं नाही. एकदा तिघं खालच्या हॉकर सेंटरवर जेवायला गेले, तेव्हा ओजसने चालता चालता टेरेलच्या खांद्यावर हात टाकला. उंची पुरत नव्हती म्हणून चवडे उंचावून टाकला मेल्याने, भर रस्त्यात, आणि आभाळ काही कोसळलं नाही. प्रबोध त्या रस्त्यावर टेरेलपासून नेहमी हातभर लांब चालायचा. त्या दिवशी तो फिश बॉल नूडल्स समोर ठेवून ढवळत राहिला. "तुला बरं नाहीये का?" टेरेलने विचारलं. "ॲसिडिटी," प्रबोध म्हणाला.

गाण्यात आपलं नाव घालायला ओजसने आनंदाने होकार दिला, हे प्रबोधला टेरेलनेच सांगितलं. "तू म्हणालास कुणाचंही टाक. ओजस म्हणाला, माझं टाक, मला कुणाला तोंड लपवायचं नाहीये. त्यालाही ठाऊक आहे की हे नुसतं नाव आहे."

"टाक की! मला काय त्याचं!" असं म्हणून प्रबोधने भांडी घासायला घेतली. कढई इतकी घासली की तिला भोक पडायचं बाकी होतं.

गाणं पहिल्यांदा झालं त्या शुक्रवारी प्रबोध नेहमीच्या भिंतीला टेकून उभा होता. बार गच्च भरलेला. टेरेलने सुरुवात केली तीच नेहमीच्या थाटात, छाती काढून, ओठ मुडपून, आणि पुढची पोरं नेहमीसारखी मुठी उडवायला लागली. मग ढोलकी सुरू झाली. टेरेल त्याच आवाजात, त्याच रगेत, एका पुरुषाबद्दल सांगायला लागला. त्या पुरुषाला झोपेत दात खायची सवय आहे. तो पोह्यांवर लिंबू पिळतो. तो चारचौघांत माझ्यापासून हातभर लांब चालतो, आणि त्या हातभर अंतरात माझं सगळं आयुष्य चाललंय. दोघंतिघं पाय आपटत बाहेर गेले. पुढच्या मुठी जराशा खाली आल्या. एक मलय पोरगा मात्र तोंडावर हात दाबून जागच्या जागी उड्या मारत होता. बाकीचे थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग ठेक्याने त्यांना ओढून घेतलं.

सगळं प्रबोधचं होतं. दात त्याचे, लिंबू त्याचं, अंतर त्याचं. आता शेवटचं कडवं.

"ओ—" टेरेलने माइक पुढे केला.

"—जस!" अख्खा बार ओरडला.

"ओ—"

"—जस!"

स्टेजच्या कडेला ढोलकी मांडीवर घेतलेला ओजस लाजून लाल झाला होता, आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते. प्रबोधशेजारच्या पोरीने त्याला कोपराने ढोसलं, "कम ऑन लह, से इट!" तेव्हा प्रबोधनेही म्हटलं. ओजस. तळपायाची आग मस्तकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो ओरडत राहिला, ओजस, ओजस. आपल्या संसाराची वरात दुसऱ्याच कुणाच्या दारात नेऊन पोचवावी आणि वर आपणच नाचावं, असं झालं त्याचं.

घरी येताना टेरेलने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"तेवढंच?"

"ढोलकी जरा जोरात होती," प्रबोध म्हणाला.

व्हिडिओ फेसबुकवर गेला आणि सेम्बावांगला पोचला. आणि बघा गंमत, प्रबोध ज्याला इतकं घाबरत होता ते झालंच नाही. कुणी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. टेरेल तसला निघाला, आणि त्याचा तो म्हणजे ओजस, हे गाण्यातच स्पष्ट होतं. फोनवर वहिनींचा सूर वेगळाच होता. आपण किती मोकळ्या मनाच्या आहोत ते दाखवायची ही संधी त्या थोड्याच सोडणार होत्या!

"आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हं. माझ्या बहिणीचं, ऋचाचं केळवण करतेय मी शनिवारी. तिला आणि तन्मयला बोलावलंय. ओजस आणि त्याच्या टेरेललाही सांगितलंय. तूही ये रे, एकटाच असतोस."

ओजस आणि त्याचा टेरेल! प्रबोधच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुटला होता बिचारा, पास शाबूत, आई शांत, मॅनेजर बेखबर, आणि असा सुटून तो जिवंतपणी जळत होता. न जाण्याची सोयही नव्हती. तो नसता गेला तर ते दोघंच गेले असते.

शनिवारी वहिनींच्या घरी बाहेर चपलांचा ढीग, आत रांगोळीचे स्टिकर, उदबत्ती आणि मसालेभाताचा वास. ऋचा नऊवारीत, होणारा नवरा तन्मय कुर्त्यात घामाघूम. ओजस आणि टेरेल एकाच चटईवर शेजारी बसवलेले. प्रबोधला वहिनींनी वाढायच्या कामाला लावलं, एकटा माणूस म्हणून. तो जिलब्या आणायला स्वयंपाकघरात गेला तर ओजस पाणी घ्यायला मागोमाग आला.

"दादा, एक बोलू?"

"बोल की."

"ते गाणं तुझं आहे, मला माहितीये. टेरेलने सांगितलं नाही, पण मला डोळे आहेत." ओजसने पेला भरला आणि तसाच हातात धरून ठेवला. "आधी मला नुसती गंमत वाटत होती. पण आता इतकी माणसं माझं नाव घेतात त्याच्याबरोबर... मला ते आवडायला लागलंय. तो एकटा पडलाय, दादा. तुला तो नको असेल तर तसं सांग. मी वाट बघणार नाही."

प्रबोधने जिलब्यांचं ताट उचललं. कानफटात द्यावी असं वाटलं. पण कशाबद्दल? पोरगा चोरी करत नव्हता. दार सताड उघडं टाकून घरधनीच बाहेर उभा होता, आणि हा उंबऱ्यावरून विचारत होता, येऊ का म्हणून.

"जिलब्या गार होतायत," तो म्हणाला.

औक्षण झालं, ताटं वाढली गेली, आणि जेवायला सुरुवात करायच्या आधी वहिनींनी टाळी वाजवली. "उखाणा! नाव घेतल्याशिवाय घास नाही!" ऋचाने नाव घेतलं, तन्मयने अडखळत घेतलं, पद्माकरने इतक्या वर्षांचा तोच तो उखाणा पुन्हा एकदा घेतला. टेरेल कान टवकारून ऐकत होता. वहिनींनी त्याला इंग्रजीत समजावलं, की दोन ओळी जुळवायच्या, आणि त्यात आपल्या माणसाचं नाव गुंफायचं, सगळ्यांसमोर.

टेरेलचे डोळे चमकले. "म्हणजे हा तुमचा रॅप."

"तसंच म्हण! आता तू घे. ओजसचं!" वहिनींनी सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं. पद्माकर मठ्ठ्यात बघत होता. "घे, घे, लाजू नकोस!"

प्रबोध वरणाचं भांडं घेऊन उभाच होता. त्याच्या मनात आलं, याने इथे जर ओजसचं नाव घेतलं, या निरांजनासमोर, या माणसांसमोर, तर मग संपलंच.

"एक विचारू?" टेरेल वहिनींना म्हणाला. "यात दुसऱ्या कुणाचं नाव चालतं का? नुसतं जुळतं म्हणून?"

"अरे छे! असं कसं? ज्याचं त्याचंच घेतात."

"मग माझ्याकडे घ्यायला नाव नाही," टेरेल म्हणाला. "बारमध्ये घेतो ते गाणं आहे. ओजस माझा मित्र आहे."

चटईवर चुळबुळ झाली. ओजसने मान खाली घातली. वहिनींचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या घरी कुणाच्या तरी हातून काहीतरी फुटलंय. आणि प्रबोधला, सांगायला लाज वाटते, आधी नुसता आनंद झाला. ओजस नाही! नाही घेतलं त्याचं! वरणाच्या वाफेत त्याचा चष्मा धुरकटला होता आणि त्याआड तो चक्क हसत होता.

अवघडलेली बैठक सावरायला पद्माकर पुढे सरसावला. "अरे मग प्रबोध, तूच घे की त्याचं नाव! इतकी वर्षं तूच पोसतोयस त्याला!"

सगळे हुश्श करून हसले. आणि त्या आनंदाच्या भरात, जीभ कशी उचलली गेली देव जाणे, प्रबोध खरंच म्हणाला,

"बाराव्या मजल्यावर वारा सुटतो गार,
टेरेलरावांचं नाव घेतो, त्यांच्याच हाती घराचं दार!"

टेरेलने झटकन वर पाहिलं. शब्द त्याला कळले नव्हते, पण आपलं नाव कळलं होतं, यमक कळलं होतं, आणि कुणाच्या तोंडून आलं ते कळलं होतं. हा एवढा मोठा माणूस, बार हादरवणारा, त्याचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला.

आणि खोलीत हशा फुटला. "टेरेलराव!" पद्माकर मांडीवर थापा मारत होता. "वा रे पठ्ठ्या! काय जमवलंय!" ऋचा पदरात तोंड लपवून हसत होती. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणाच्या स्वप्नातही आलं नाही की हा खरं बोलतोय. इतकी वर्षं ब्राझीलच्या पोरींचे किस्से सांगणारा प्रबोध, तो आणि असला?

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण इतके दिवस ज्या सवयीवर तो जगला होता ती सवय पुढे झाली. त्याने खांद्यावरचं वाढपाचं फडकं डोक्यावरून घेतलं, मनगट मोडून बोट हनुवटीला लावलं, आणि मान वेळावून म्हणाला, "इश्श!"

हशाने घर दणाणलं.

ते मनगट टेरेलला ओळखू आलं. मेम्फिसमध्ये त्याच्या मावसभावासमोर पोरं असंच करायची, अगदी असंच. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं मावळलं. हात न लावलेलं ताट त्याने हलकेच पुढे सरकवलं, वहिनींना "थँक यू" म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. दार आपल्यामागे नीट लावून घेतलं.

"काय झालं रे त्याला?" पद्माकरने डोळे पुसत विचारलं.

ओजस उठला. "मी जातो त्याच्याबरोबर."

"तू बस," प्रबोध म्हणाला.

"कुणीतरी जायला हवं, दादा. मी त्याला घरी पोचवतो."

घरी! कुणाच्या घरी? प्रबोधला एकदम सगळं दिसलं, दाराबाहेरचे ते ऐसपैस सँडल, ती खुर्ची, तो कप, खांद्यावर टाकलेला तो हात, आणि हा आता खाली जाऊन त्याच्याशेजारी एमआरटीत बसणार. धैर्य बिर्य काही नव्हतं हो त्याच्या अंगात. नुसता जळफळाट होता, वरपासून खालपर्यंत.

"तू नाही जायचं!" तो गरजला. "तू कोण लागतोस त्याचा? माझा माणूस आहे तो! माझा!"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. फडकं अजून डोक्यावर होतं. या वेळी कुणी हसलं नाही. ऋचाचा हात जिलबीवर थांबला होता. पद्माकरचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. ओजस सावकाश खाली बसला, आणि त्याचा चेहरा असा पडला की त्याच्याकडे बघवेना.

प्रबोध अनवाणीच बाहेर धावला. टेरेल लिफ्टजवळच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. असल्या बुटांना नाड्याही लांबलचक असतात, नाहीतर तो केव्हाच निघून गेला असता.

"मी सांगितलं त्यांना," प्रबोध धापा टाकत म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की तू माझा आहेस."

टेरेलने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "कधी?"

"आत्ता. तू बाहेर आल्यावर."

"म्हणजे मी नसताना." टेरेलने मान वर केली नाही. "चेष्टा केलीस तेव्हा मी समोर होतो. खरं बोललास तेव्हा मी बाहेर. असंच चाललंय आपलं, प्रबोध. आणि ते का बोललास तेही मला माहितीये. ओजस उठला असेल."

प्रबोधला खोटं बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला. "ओजस उठला म्हणून. मला ते सहन झालं नाही. बारमध्ये सगळे त्याचं नाव घेतात तेव्हा मला मरावंसं वाटतं. रोज वाटतं."

"ते नाव तू दिलंस."

"मी दिलं. मला परत हवंय."

शेजारच्या फ्लॅटमधली बाई कुंड्यांना पाणी घालायचं सोडून दोघांकडे टक लावून बघत होती. प्रबोधने ते पाहिलं. मग त्याने टेरेलचा हात धरला. तो हात जड होता, आणि टेरेलने उलट धरला नाही, पण सोडवूनही घेतला नाही.

"चल," प्रबोध म्हणाला. "तुझ्यासमोर म्हणतो."

आत सगळे होते तसेच बसले होते. प्रबोधने डोक्यावरचं फडकं काढून खांद्यावर टाकलं. यमक सुचलं नाही, आणि शोधलंही नाही. टेरेलला कळावं म्हणून तो इंग्रजीत बोलला, अगदी साध्या वाक्यांत, की मघाशी मी चेष्टा केली नव्हती, चेष्टा नंतर केली. टेरेल माझा नवरा आहे म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. ते गाणं माझ्यावर आहे. ब्राझीलची कुणी नव्हती, कुणीच कधी नव्हतं.

नाव घेतलं की टाळ्या पडतात. या वेळी पडल्या नाहीत. पद्माकर हात धुवायच्या निमित्ताने उठला तो परत आलाच नाही. ऋचा तन्मयकडे बघत होती. वहिनींनी निरांजन उगीच इकडचं तिकडे केलं, त्यांच्या मोकळ्या मनाची एवढी तयारी नव्हती. हे सगळं आता पाया लेबारच्या ऑफिसात पोचणार होतं, आणि यथावकाश चिंचवडलाही. प्रबोधने वरणाचं भांडं पुन्हा उचललं.

"एवढ्याने सगळं मिटलं असं समजू नकोस," टेरेल त्याला हळूच म्हणाला.

मग तो चटईवर गेला, ओजसच्या शेजारची आपली जागा सोडून पलीकडच्या मोकळ्या ताटावर बसला, मांडी घालायला त्याला जरा वेळ लागला, आणि वर बघून म्हणाला, "आता वाढ."

प्रबोधने त्याला वाढलं.